मीटर झाका, मग गाडी बघा

‘किती चाललीय?’ जुन्या गाडीच्या सौद्यातला हा आपला पहिला प्रश्न. समोरचा आकडा सांगतो, आपण मान डोलावतो आणि मनातल्या मनात भाव ठरवून मोकळे होतो. आकडा लाखाच्या आत असला की चेहरा खुलतो, अडीच लाख म्हटलं की पाय मागे. माझं म्हणणं सरळ आहे: जुनी पिकअप घेताना हा प्रश्न विचारणं बंद करा. निदान पहिले दोन तास तरी. या एका प्रश्नामुळे आपण फसतोच, शिवाय खरं बोलणाऱ्या मालकाला बाजारातून हाकलून देतो.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पगार सॉफ्टवेअरचा. आमच्या पिढीत या जोडीचं कुणाला नवल वाटत नाही. गावाकडे कुणाला गाडी घ्यायची असली की ‘तू इंजिनिअर ना, चल जरा बघायला’ असा फोन येतो. मावसभाऊ, त्याचे मित्र, मित्रांचे मेहुणे. कुणाला टोमॅटो मार्केटला न्यायचेत, कुणाला पोल्ट्रीचं खाद्य, कुणाला पाण्याचे जार. यातलं कुणीही हौस म्हणून गाडी घेत नाही. गहाण टाकलेलं सोनं, पतसंस्थेचं कर्ज, बायकोच्या बचत गटातले पैसे असं सगळं मिळून काही लाख उभे राहतात. मग ती गाडी दोन महिने गॅरेजला पडून राहिली तरी हप्ता थांबत नाही. आपला फोन खराब निघाला तर आपण रिटर्नचं बटण दाबतो. इथे ते बटण नाही. म्हणून हा विषय तीस सेकंदांच्या रीलमध्ये उरकण्यासारखा नाही.

घरगुती वापराची मालगाडी

आधी साधा हिशोब करू. धंद्यावर असलेली पिकअप दिवसाला १५० किलोमीटर सहज जाते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४५,००० किलोमीटर झाले. सहा वर्षांत २,७०,०००. आता जाहिरात वाचा: सहा वर्षांची गाडी, ८४,००० किलोमीटर, ‘सिंगल हँड, घरगुती वापर’. म्हणजे दिवसाला साधारण ४७ किलोमीटर. मालाची गाडी आणि घरगुती वापर! घरात रोज सोफा हलवत होते की काय?

अशा सगळ्याच गाड्यांचे मीटर खोटे असतात असं नाही. दुकानाच्या डिलिव्हरीची किंवा वीटभट्टीवरची गाडी खरंच कमी चाललेली असते. पण तो आकडा खरा की खोटा हे मीटरकडे बघून कधीच कळत नाही. डिजिटल मीटरमधला आकडा एका छोट्या मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो. योग्य उपकरण जोडलं की तो काही मिनिटांत बदलता येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमधली एक ओळ आहे, ती बदलायचा अधिकार भलत्याच माणसाकडे आहे आणि कुणी कधी बदलली याचा लॉग नाही. काही गाड्यांत इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्येही आकड्याची वेगळी नोंद राहते, पण सगळ्यांत नाही. असला डेटा ऑफिसात कुणी रिपोर्टमध्ये वापरला तर आपण त्याला फाडून खाऊ. तोच आपण गाडी घेताना डोळे झाकून वापरतो.

अमेरिकेने मीटर फिरवण्याविरुद्ध १९७२ मध्येच स्वतंत्र केंद्रीय कायदा केला. आपल्याकडे फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमांवर आणि ग्राहक आयोगावर भिस्त आहे. दोन्हीकडे ‘त्यानेच फिरवला’ हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. चार हात फिरून आलेल्या गाडीबाबत ते कसं करणार?

हा बाजार आपणच नासवला

दलालांना शिव्या देणं सोपं आहे. पण त्यांनी मीटर का फिरवला? कारण आपण त्या आकड्याचेच पैसे देतो.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल वाटून मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्याचा मुद्दा असा की गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी धरून भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि निघून जातो. मागे उरतात त्या खटारा. सरासरी आणखी खाली येते, आणखी चांगल्या गाड्या निघून जातात.

आपल्या पिकअपच्या बाजारात याला एक जोड आहे. एक मालक प्रामाणिकपणे सांगतो, ‘दोन लाख ऐंशी हजार चाललीय, दर दहा हजाराला ऑइल बदललंय, ही बिलं.’ दुसरा त्याच मॉडेलची, तितकीच जुनी गाडी ‘पंच्याऐंशी हजार’ म्हणून उभी करतो. बिलं नाहीत, पण सीट कव्हर नवीन. आपण दुसऱ्याकडे जातो. पहिल्याला कळतं की खरं बोलून पन्नास हजारांचा तोटा झाला. पुढच्या गाडीच्या वेळी तोही मीटरवाल्याचा नंबर शोधेल. एखादं माप बक्षिसाला जोडलं की लोक माप सुधारतात, काम नाही. हे आपल्या कंपनीतल्या अप्रेझलमध्ये आपल्याला बरोबर दिसतं, गाडीच्या बाजारात मात्र दिसत नाही.

आणि समजा आकडा खरा असला, तरी तो काय सांगतो? चाकं किती फिरली एवढंच. डिझेल इंजिन झिजतं ते थंडीत पुन्हा पुन्हा सुरू केल्याने, जुन्या ऑइलवर पळवल्याने, तापलेलं असताना तसंच रेटल्याने आणि झेपणार नाही एवढा माल ओढल्याने. हायवेवर पार्सल वाहणारी गाडी सकाळी एकदा सुरू होते, तापते आणि एका चालीने दोनशे किलोमीटर जाते. वीटभट्टीची गाडी दिवसात वीस वेळा बंद-चालू होते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खड्ड्यांतून माल ओढते आणि संध्याकाळी मीटरवर चाळीस किलोमीटर दाखवते. अडीच लाख चाललेली पहिली गाडी नव्वद हजारांच्या दुसरीपेक्षा चांगली असू शकते. तेव्हा प्रश्नच बदला. ‘किती चालली?’ नको, ‘काय वाहत होती?’ विचारा.

खाली वाका

याचं उत्तर मालक देईल तेव्हा देईल. गाडी आधी देते. ते उत्तर बॉनेटखाली कमी आणि हौद्याखाली जास्त असतं.

पिकअप म्हणजे शिडीसारखी लोखंडी चासी आणि तिच्यावर ठेवलेलं बाकी सगळं. इंजिन बांधून घेता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चासी गेली की गाडी गेली. टोयोटाच्या पिकअपची इंजिनं जगभर टिकाऊ म्हणून ओळखली जातात. तरी अमेरिकेत त्यांच्या टॅकोमा, टुंड्रा वगैरे गाड्यांच्या चासी गंजून सडल्याचा सामूहिक दावा झाला आणि २०१६ मध्ये कंपनीने सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. तिकडे थंड प्रदेशात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला लागून राहतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण कोकणपट्टीतली मासळीची गाडी आठवा. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून रोज चासीवर गळतं. वरून गाडी चकाचक, खालून पापडासारखी.

म्हणून गाडी रॅम्पवर घ्या. गावोगावी वॉशिंग सेंटरवर रॅम्प असतो. धुण्याचे पैसे द्या, पण गाडी धुऊ देऊ नका. तशीच वर चढवा आणि टॉर्च घेऊन खाली जा. विकणाऱ्याने इंजिन आणि पोट आधीच धुऊन ठेवलं असेल तर खुश होऊ नका. गळतीचे डाग त्याने तुमच्या आधी पाहिलेत, एवढाच त्याचा अर्थ.

मागचे पाटे जिथे चासीला अडकवलेले असतात तिथे आणि दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर नीट बघा. पाना घेऊन हलकेच ठोका. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं भद्द वाजतं. कंपनीचं वेल्डिंग एकसारखं असतं, नाक्यावरचं वेल्डिंग गोळे गोळे असतं. जोड दिसला तर तो का लावला हे विचारा. बाकी सगळीकडे धूळ आणि एकाच हातभर जागेवर ताजा काळा रंग दिसला, तर नख लावून खरवडा.

मग पाटे मोजा, डावीकडचे आणि उजवीकडचे. कंपनीने किती दिलेत हे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवर मोजून ठेवा. जास्तीचे पाटे घातलेले असले तर ती गाडी आयुष्यभर ओव्हरलोड चालली आहे. १.७ टनाच्या पिकअपमध्ये अडीच-तीन टन भरलेले तुम्हीही पाहिले असतील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तरी भाडं सुटायला नको म्हणून लोक भरतात. त्या वजनाची नोंद मीटरमध्ये होत नाही, पाट्यांमध्ये होते. गाडी सपाट जागी उभी करून मागून बघा, एका बाजूला कलली आहे का. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का. खाली रुंद आणि वर चिंचोळी असेल तर चासी वाकली असल्याचा संशय धरा आणि जाणकाराकडून मापून घेतल्याशिवाय पुढे बोलू नका.

टायरही बोलतात. एकाच कडेला झिजलेला टायर म्हणजे अलाइनमेंट किंवा पुढच्या चाकांच्या जोडांची तक्रार. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या गाडीवर ‘कंपनीचेच टायर आहेत, तीस टक्केच झिजलेत’ असं कुणी म्हटलं, तर ती तारीख त्याला वाचून दाखवा.

थंड इंजिन, भरलेला हौदा

गाडी बघायला सकाळी जा आणि फोनवर आधीच सांगा, ‘मी येईपर्यंत सेल्फ मारू नका.’ पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर चहा प्या, बाजारात फिरून या, नाहीतर उद्या या. तापलेलं इंजिन आपले आजार लपवतं.

थंड इंजिन किती सेल्फ घेतं ते बघा. धुराचा रंग बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय, कारण एअर फिल्टरपासून इंजेक्टरपर्यंत काहीही असू शकतं. पांढरा धूर थंडीत क्षणभर येऊन गेला तर ठीक, इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत जातंय का हे तपासा. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. आतून रेल्वेसारखे भपकारे येत असतील तर पिस्टन-रिंगांचं काम जवळ आलं आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता मोठी. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच उघडा, नाहीतर हात भाजेल. आत तेलाचा तवंग दिसला तर तिथूनच नमस्कार करा. आणि ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. उलट विक्रीच्या आदल्या दिवशी घातलेलं सोनेरी ऑइल बघून विचारा, एवढी घाई का केली.

क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच धडपडून बंद पडलं पाहिजे. आरामात चालत राहिलं तर क्लच प्लेट घसरते आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही: गाडी माल भरून चालवा. रिकामी पिकअप सगळ्यांचीच छान पळते. तुम्ही ती रिकामी चालवायला घेत नाही आहात. पासिंगच्या वजनाइतक्या सिमेंटच्या किंवा खाद्याच्या गोणी भरा आणि जवळचा घाट गाठा. पुण्याकडचे असाल तर दिवे घाट, नाशिककडचे असाल तर कसारा. चढावर गिअर सटकून बाहेर येतो का, तापमानाचा काटा वर चढतो का, टर्बोची शिट्टी ऐकू येऊन जोर मात्र येत नाही असं होतं का. उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का. मागून वेगाबरोबर वाढणारं ‘हूंऽऽ’ येत असेल तर क्राऊन-पिनियन किंवा बेअरिंग. गिअर टाकून सोडताना ‘कट्ट’ वाजलं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. यातलं काहीही आढळलं तरी गाडी सोडायलाच हवी असं नाही. पण त्याचा खर्च तुमच्या मेकॅनिककडून लिहून घ्या आणि भावातून वजा करा.

मालक म्हणाला, ‘माल भरून वगैरे जमणार नाही,’ तर त्यानेही तुम्हाला उत्तर दिलंच आहे.

कागदाचं चासी

गाडीला लोखंडाची चासी असते तशी कागदांचीही असते, आणि ती सडली तर वेल्डिंगसुद्धा होत नाही.

चासीवर कोरलेला नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा, फोटोवरून नको. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर ‘कर्ज फिटलंय हो’ या वाक्याला किंमत नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. फिटनेसची तारीख बघा. मालवाहू गाडीला पहिल्या आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला. थकलेली ई-चलनं ऑनलाइन तपासा, ती गाडीबरोबर तुमच्याकडे येतात.

फायनान्सने ओढून आणलेल्या गाडीचा भाव बघून हुरळू नका. ज्याचे हप्ते थकले होते त्याने शेवटच्या वर्षात ऑइल, फिल्टर, ब्रेक यांवर पैसे घातले असतील का, याचा विचार करा. अशी गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवून मग घ्या.

आणि तो आवडता प्रकार: फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन ठेवायची, तारीख कोरी, ‘पुढे गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर करू.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यातल्या सौद्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी कितीही हात फिरली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. म्हणजे कोऱ्या फॉर्मचा धोका विकणाऱ्याला आहे, आणि ज्या गाडीवर आपली पोटं चालतात ती कायद्याने दुसऱ्याच्याच नावावर, हा धोका घेणाऱ्याला. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला कंपनीला कळवा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

‘पण एवढं कोण करतं?’

पहिली हरकत: मेकॅनिकला दाखवलं की झालं. दाखवा, जरूर दाखवा. पण तो मेकॅनिक विकणाऱ्याने सुचवलेला नसावा आणि त्याला सौद्यातून टक्केवारी मिळणार नसावी. त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी ठरवून द्या, सौदा होवो न होवो. गाडी नको म्हणण्याचेही पैसे मिळाले तरच माणूस नको म्हणू शकतो.

दुसरी हरकत: आता अ‍ॅपवर दोनशे मुद्द्यांची तपासणी मिळते. मी अ‍ॅप बनवणाऱ्यांतलाच आहे, म्हणून सांगतो. यादीतल्या दोनशे हिरव्या टिकांमध्ये काचेचं वायपर आणि चासी यांना एकेकच टिक असते. एकशे नव्व्याण्णव बरोबर आणि चासी सडलेली, तर रिपोर्ट छान दिसतो. तो अहवाल वाचा, पण रॅम्पखाली स्वतः जा.

तिसरी हरकत शहरातल्या काकांची: ‘कशाला जुनी? नवीनच घ्यावी.’ काका, ज्याच्याकडे नव्या गाडीचं डाउन पेमेंट आहे तो इथपर्यंत वाचत आलेलाच नाही.

शेवटची हरकत खरी आहे: किलोमीटर काहीच सांगत नाहीत का? सांगतात, पण साक्षीदार म्हणून, न्यायाधीश म्हणून नाही. सगळं बघून झाल्यावर मीटर बघा आणि बाकीच्या साक्षींशी ताडून बघा. सर्व्हिसची बिलं मागा, त्यांच्यावर तारखेबरोबर किलोमीटर असतात आणि ते वाढत गेले पाहिजेत. ब्रेक आणि क्लच पेडलचं रबर, गिअरच्या गोळ्यावरची झीज, ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी बघा. ऐंशी हजारांच्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालं असेल, तर पेडल खरं बोलतंय.

दोन लाख ऐंशी हजार सांगणारा तो मालक आणि त्याची बिलांची पिशवी आठवते ना? त्याची गाडी या सगळ्यातून पास झाली, तर आकडा दाखवून त्याला खाली पाडू नका. रास्त भाव द्या, आणि पंच्याऐंशी हजारवाल्याला फोन करून सांगा की तुम्ही जास्त चाललेली गाडी का घेतली. असे दहा फोन गेले की मीटर फिरवणं तोट्याचं होईल. कायदा येईल तेव्हा येईल, गिऱ्हाईक तर आपण आजच आहोत.